बाबांच्या झाडांचे नर

रॉटरडॅम, ३ एप्रिल

ती. यामनाताईस अल्लालचा सलाम, वि. वि.

सोबत गांजाचं बी पाठवतोय. कितीतरी वर्षं खपून तयार केलंय. पानाला हात लावला तर बोटं चिकटतात, इतका चीक. तुमच्या त्या खुरट्या झाडांच्या चरसाला इथं कुत्रं विचारत नाही.

नराशिवाय, मादीवरच औषध मारून धरवलेलं, म्हणून माझं बी सगळं मादीच निपजतं. शेताच्या वरच्या पायरीवर बाबांची जुनी झाडं आहेत, त्यांतले नर मात्र दिसताक्षणी उपट. पराग उडाला तर माझ्या माद्या बी धरतील आणि चीक जाईल. एवढं तरी जमेल ना?

लोभ ठेव, आणि नर ठेवू नकोस.

तुझा अल्लाल

केतामा, २० जुलै

चि. अल्लालास आशीर्वाद, वि. वि.

तुझी झाडं खांद्याला लागली. झरा आटत आलाय. शेजारची फादमा रिकामी घागर घेऊन उभी राहते आणि विचारते, भावानं झाडं पाठवलीत की घरजावई? आधी हसले, मग लाज वाटली. आजपासून तुझ्या झाडांचं पाणी बंद.

बाबांची झाडं पावसावरच उभी आहेत, कुरकुर नाही. त्यांतला एकही नर मी उपटलेला नाही. गेल्या थंडीत बाबांच्या मयताला यायला तुला सवड नव्हती. त्यांची झाडं उपटायला सांगायला बरी सवड मिळते.

तब्येतीला जप. पाणी भरपूर पी, तिथं नळाला येतं.

यामना

रॉटरडॅम, ३० सप्टेंबर

ती. ताईस सलाम.

फादमाच्या मुलीनं फोटो पाठवले. अर्धी झाडं करपलेली, उरलेली बियांनी भरलेली. माझी सगळी मेहनत मातीत घातलीस. डोंगरात राहून तुझं डोकंही दगडाचं झालंय. भागीदारांना मी काय तोंड दाखवू?

लोभ असावा असं लिहायची इच्छा नाही, सवय आहे म्हणून लिहितो.

अल्लाल

रॉटरडॅम, ११ जानेवारी

ती. ताईस सलाम.

इथल्या काचघरात कीड शिरली. मूळच्या माद्या मेल्या. होतं ते बी सगळं तुला पाठवलं होतं, आणि नर मी कधी ठेवलेच नव्हते, त्यामुळे हातात एक दाणा नाही. तिकडच्या झाडांनी धरलेलं बी तू फेकलं नसशील ना? मूठभर पोस्टानं पाठव. मागचं मनावर घेऊ नकोस.

तुझाच अल्लाल

केतामा, २ फेब्रुवारी

चि. अल्लालास आशीर्वाद, वि. वि.

आता बरी ताई आठवली. बी आहे. तुझ्या मादीचं आणि बाबांच्या नराचं. कडाक्याच्या थंडीत परातीवर कापड ताणून झाडं झोडपली. खाली पडलेली भुकटी चोळली तर बोटं चिकटली, आणि वास बाबांच्या झग्याचा. तुझी मादी अगदीच टाकाऊ नव्हती, एवढं कबूल करते.

पण पोस्टानं बी पाठवणार नाही. कापडावर उरतं ते बी समोरासमोर बसून झोडपणाऱ्या दोघांचं, ही आपली रीत तू विसरलास, मी नाही. यंदा मी एकटीच झोडपत होते. समोर बाबांची काठी नुसती पडून होती. माझा वाटा मी घेतला. त्यांचा मडक्यात आहे, आणि एक पेंढी मुद्दाम झोडपायची ठेवली आहे.

पेरणीच्या आत ये, त्यांच्या जागी बस, काठी धर, मग मडकं उचल. हाताला फोड येतील आणि फादमा हसेल, तेवढं सोस.

माया आहे म्हणून बोलते. माया काय, बोलणं काय, दोन्ही कमी व्हायचं नाही.

तुझी ताई,
यामना