सात वेळा पुजलेली वही

गुरुजी, आज सकाळी भर सभेत मी तुमची वही उघडायला गेलो आणि तिची पानं सुटेचनात, त्या घडीला माझं सगळं बदललं. आधी वाटलं, बोटाला घाम आहे. मग नख घातलं. जाड पोळीसारखा एकच थर झाला होता, आणि कडेनं सुटलं तेवढ्या पानावर निळा डाग. अक्षर नाही. तुमच्या कादंबरीची ती एकच प्रत होती, गुरुजी. दुसरी कुठंच नाही.

तुमच्या नावाचं मंडळ आहे आता. तुमचा वारसा जपणारं. करडीच्या शाळेत तुम्ही चाळीस पोरांना शिकवत होता तेव्हा ज्यांनी तुमची एक गोष्ट वाचली नाही, ते आज तुमच्या फोटोखाली सोफ्यावर बसतात. दर पुण्यतिथीला पाट मांडतात, पाटावर तुमची वही ठेवतात, हळद-कुंकू, ओल्या अक्षता, वरून तुळशीच्या पानानं पाणी शिंपडतात. मग ती तशीच ओली लाल कपड्यात गुंडाळून कपाटात. कुलूप. पुढच्या वर्षी पुन्हा पाट. सात पूजा झाल्या, वाचन एकदाही नाही. शाईच्या पेनानं लिहिलेलं होतं ते, आणि तीही पाणी घालून वाढवलेली शाई, हे एकाच्याही डोक्यात आलं नाही.

मी ओरडलो. माईक चालू होता, ते बरंच झालं. "पाण्यात बुडवून मारली तुम्ही वही!" म्हटलं. अध्यक्ष उठले. "कायले बोंबलून राहिला बे? दसऱ्याले पाटी-पुस्तकाची पूजा करत नाही काय तुह्या घरी?"

"करतो. पण दुसऱ्या दिवशी तेच पुस्तक उघडून वाचतो!"

"पोथी घरोघरी असते. रोज कोण वाचते? मान द्या लागते, मान! कॉलेज अर्धं सोडलं अन् आमाले साहित्य शिकवून राहिला!"

लोक हसले. मागून कोणी तरी म्हणालं, "अध्यक्षसाहेब, जावई करून घ्या, मंग बोलणार नाही." त्यावर तर टाळ्याच पडल्या. गावाला माहीत आहे गुरुजी, अध्यक्षांच्या मुलीसाठी मी कसा झुरतो ते. ती नाही म्हणाली आणि त्याच वर्गात तिच्या मागच्या बाकावर बसवेना, म्हणून कॉलेज सोडलं, हेही माहीत आहे. तुम्ही असता तर कानाखाली दिली असती.

तुमचा स्वयंपाक आठवतो. मोहाडीच्या बाजारातून आणलेले झिंगे तुम्ही स्वतः निवडताय, चुलीवर भात रटरटतोय, आणि मी नव्यानं कॉलेजला जाणारा, शहाणा, म्हणतो, "गुरुजी, धान रोवणाऱ्या बायकांवरची कादंबरी कोण वाचते आजकाल?" तुम्ही झिंग्यांची ताटली आपटता. "त्या बाया दिवसभर चिखलात वाकून गाणं म्हणतेत. कोणासाठी? तू सांग!" मग हात धुऊन, लुंगीला पुसून, तुम्ही ती वही माझ्या हातात देता. "वाच. अन् मले सांग, यातल्या बाईचं बोलणं कुठं खोटं वाटते ते." पंधरा दिवसांत तुम्ही गेलात.

वर्षभर वही माझ्याजवळ होती. मग मंडळ निघालं आणि अध्यक्षांची मुलगी घरोघरी तुमच्या वस्तू गोळा करत आमच्या दारात आली. "गुरुजीची वही तुह्याजवळ हाय म्हणतेत. देशीन काय?" ओढणीशी चाळा नाही, लाजणं नाही, साधी हात पुढं करून उभी. मी दिली. एवढ्या लवकर तर मी कोणाला पाणीही दिलं नसेल. आणि दर वर्षी त्या पाटाला मीही हात जोडलेत, गुरुजी. तिच्या शेजारी उभं राहायला मिळतं म्हणून.

सभा उठल्यावर अध्यक्षांनी मला या ऑफिसात बसवलं. समोर कोरा कागद, बाजूला तुमची वही. "माफीनामा लिही, नाही तं मंडळाची पायरी चढू नको." त्याच कागदावर तुम्हाला लिहितोय. थोड्या वेळापूर्वी ती आली होती. वहीवरचं कुंकू तिनं ओढणीनं टिपलं, एक पान सोडवायला पाहिलं, ते फाटलं. मग हळू आवाजात म्हणाली, "तू तं वाचली होती ना? आठवते तेवढं सांग, मी लिहून घेते. आपण दोघं बसू."

दोघं बसू. हेच ऐकायला मी किती वर्षं थांबलो, गुरुजी. मी म्हटलं, "हो, पूर्ण वाचली."

नव्हती वाचली. पहिलं पान उघडून तुमचं अक्षर पाहिलं होतं, बस. बाहेर अंगणात ती कोरी वही आणि पेन घेऊन बसली आहे, खिडकीतून दिसते. माफीनामा मी लिहिणार नाही. हा कागद तुमच्यापर्यंत पोचणार नाही, म्हणून खिशात घालतो. तुमची वही काखेत घेतो. तिला खरं सांगतो, मग ती काय म्हणेल ते म्हणो. उठतो आता. बाहेर पडलो की दार ओढून घेतो.