भोंगावेल

६ ऑक्टोबर
इंदापुरात राहायला आले. दोन खोल्या, पुढे सिमेंटचं छोटं अंगण, अंगणात नळ. वाजिद, माझा धाकटा भाऊ, लोणी भापकरहून टेम्पोत सामान घेऊन आला. कपाट दारातून जाईना तेव्हा त्या कपाटाशी बराच वेळ भांडला आणि चहा पिऊन परत गेला. उद्या एसटी स्टँडवर हजर व्हायचं. वाहतूक नियंत्रक म्हणजे फळ्यावर गाड्या लिहायच्या आणि माइकवर ओरडायचं. बारामतीत एकोणीस वर्षं तेच केलं. वाजिद म्हणतो, समिनाआपाला माइक कशाला, नुसती उभी केली तरी गाडी सुटते.

शेजारी कुशाबाई एकट्याच असतात. सत्तरी ओलांडलेल्या. मुलगी रेश्मा वरकुट्याला दिलेली. आमच्या अंगणांमध्ये कमरेएवढी भिंत आहे. आल्या आल्या त्यांनी भिंतीवरून पिण्याची कळशी भरून दिली. त्यांच्याकडे सात कुंड्या आहेत आणि सगळ्यांत एकच वेल. मांडवभर पसरणारी नव्हे, दोन काटक्यांवर चढून थांबणारी. पानं चकचकीत, फुलं लालभडक आणि थेट भोंग्याच्या आकाराची. नर्सरीवाले तिला मँडेव्हिला म्हणतात, कुशाबाई भोंगावेल म्हणतात. माइकवालीच्या शेजारी भोंगावेल. मला फार हसू आलं.

९ ऑक्टोबर
कुशाबाई मावशींनी आज वेलीची सगळी रीत सांगितली. कुंडीच्या तळाला विटांचे तुकडे, वर वाळू आणि शेणखत. माती वरून सुकल्याशिवाय पाणी घालायचं नाही. शेंडे खुडत राहायचे, म्हणजे वेल बुटकी राहते आणि फुलं दाट येतात. खुडलं की पांढरा चीक गळतो, तो तोंडात जाऊ द्यायचा नाही. मी तोंड भरून कौतुक केलं. त्या म्हणाल्या, मागून नेली तर लागत न्हाय, चोरून नेली की लागती.

आमची अम्मीही मनी प्लांटबद्दल हेच म्हणायची. मागून आणलेलं जगत नाही, गुपचूप आणलेलं हमखास मूळ धरतं. मावशींनी मला हसत हसत परवानगीच दिली म्हणायची. म्हणून मी मागितली नाही.

१३ ऑक्टोबर
मावशी दुपारी वरकुट्याला गेल्या होत्या. मी भिंतीवरून वाकून एक फांदी आणली. पेराच्या खाली नखाने खुडली. चीक पुसला, पण स्टँडवर रजिस्टरची पानं उलटताना अंगठा जिभेला लावायची माझी जुनी खोड आहे. कडूजहर लागलं. चूळ भरली.

फांदी वाळूत खोचून वर प्लास्टिकची पिशवी बांधली. कुंडी न्हाणीघराच्या मागे ठेवली, मावशींच्या अंगणातून दिसणार नाही अशी. परवानगी होती, तर मागे कशाला ठेवली? उद्या पुढे आणेन.

१९ ऑक्टोबर
लागली. सहा दिवसांत. दोन नवी पानं फुटली, मी एकटीनेच टाळ्या वाजवल्या.

संध्याकाळी मावशी भिंतीशी आल्या. तिसऱ्या कुंडीतली एक फांदी कुणी तरी नेली, म्हणाल्या. माझ्या तोंडून निघून गेलं की मांजरानं तोडली असेल. त्या हळू म्हणाल्या की मांजर पेर बघून खुडत न्हाय, आन कुणी नेली असंल तर त्यानं नुसतं सांगावं. मी दूध उतू जातंय म्हणून आत पळाले. चुलीवर काहीच नव्हतं. बेचाळीस वर्षांची बाई मी, मांजरावर आळ घेतला.

कुंडी अजून मागेच आहे.

२६ ऑक्टोबर
थंडी पडायला लागली की ही वेल वाढायची थांबते, असं मावशींनी सांगितलं होतं. माझी थांबत नाही. काटक्या सोडून न्हाणीघराच्या खिडकीतून आत आली आहे. शेंडे खुडले, सकाळी दुप्पट. फूल एकही नाही.

घशात केस अडकल्यासारखं वाटतं.

३० ऑक्टोबर
दिवाळीची गर्दी. बारामतीची गाडी पुकारताना आवाज फाटला आणि मग बंदच पडला. फलाटावरची माणसं हसली. सिद्धू कंडक्टरने माझ्या हातातून माइक घेतला आणि उरलेल्या गाड्या पुकारल्या. मी फळ्याकडे तोंड करून उभी राहिले. डॉक्टरांनी घशात बॅटरी मारून पाहिली. काही नाही म्हणाले, मिठाच्या गुळण्या करा.

घरी आले तर मावशी फराळाचं ताट घेऊन भिंतीशी उभ्या. आवाज बसलाय म्हणून चकली नको, लाडू खा म्हणाल्या. ताट रिकामं परत करायचं नसतं. शेवया करून नेईन, ताट देताना सांगून टाकेन, असं ठरवलं. शेवया केल्या. मीच खाल्ल्या. मला त्यांच्यासमोर उभं राहण्याची लाज वाटते.

४ नोव्हेंबर
मावशींना दम लागला. रेश्मा त्यांना वरकुट्याला घेऊन गेली. जाताना कुंड्यांना पाणी घालाल का, असं तिनं मला विचारलं. मला! मग जाता जाता म्हणाली की पाणी घाला, पण फांदी हवी असली तर आईला विचारून न्या, ती कुणाला नाही म्हणत नाही. न विचारता नेली की लागते. मी म्हटलं हो, लवकर मूळ धरते. ती चमकली. मूळ न्हाय हो ताई, म्हणाली, माणसाला लागती. वरकुट्याच्या गेणबा भजन्यानं नेली होती, त्याचा गळाच बंद झाला. आईसमोर येऊन कबूल झाला तेव्हा कुठं बोलता झाला.

म्हणजे मावशी सावध करत होत्या. मागा, काही होणार नाही, असं सांगत होत्या. नुसतं मागितलं असतं तर त्यांनी कुंडीसकट दिली असती.

रेश्मा समोर होती. तिला सांगता आलं असतं. मी म्हटलं, पाणी घालीन.

७ नोव्हेंबर
रजा टाकून वरकुट्याला गेले. मावशी बाजेवर. घरात भावकीतल्या पाच-सहा बायका. आवाज सकाळपासून बरा होता, हे मुद्दाम लिहून ठेवते. मावशींनी माझा हात धरला आणि विचारलं की समिना, काय सांगायचंय का गं. सगळ्या बायका माझ्याकडे बघत होत्या. सांगायला आले होते. तेवढ्यासाठीच आले होते. मी म्हटलं, सहज आले.

घशाने अडवलं नाही. माझं मीच अडवलं.

त्यांनी हात सोडला. चहा पिऊन जा म्हणाल्या. मी चहा प्यायले.

९ नोव्हेंबर
आवाज पूर्ण गेला. कामावर चिठ्ठी पाठवली.

आरशात पाहिलं. जिभेखाली हिरवं काही तरी — भाजी अडकली असेल म्हणून बोटानं ओढलं. सुटेना. ओढलं की खाली छातीत ओढ बसते.

खुडलं. चीक आला. कडू.

१० नोव्हेंबर
दोन शेंडे. खुडल्याने दाट होते. मलाच शिकवलं होतं आणि मीच —

मागची कुंडी उपटायला गेले. कुंडीत नुसती वाळू. मूळ नाही, खोड नाही. सगळी आत आली आहे. घरात कुठेच दिसत नाही.

वाजिदचा फोन. उचलला नाही. काय सांगू त्याला — कशाने झालं हे?

११ नोव्हेंबर
पाणी उतरत नाही. ओठ मिटत नाहीत. पदर तोंडावर धरून मावशींच्या कुंड्यांना पाणी घातलं. सातही कुंड्या फुललेल्या. तेवढं तरी केलं.

१२ नोव्हेंबर
सकाळी रेश्माचा फोन. आईचं काही खरं नाही म्हणाली. शुद्ध आहे, पण जास्त वेळ नाही. सारखं विचारतीय, समिनाचा निरोप आला का. फोन आईच्या कानाला लावते, बोला.

फोन धरून बसले. त्यांचा श्वास ऐकू येत होता. त्या थांबल्या होत्या. माझ्या तोंडातून पानांची सळसळ तेवढी गेली.

रेश्मानं परत फोन घेतला. बोलता येत नसेल तर कागदावर लिहून फोटो पाठवा म्हणाली. मी वाचून दाखवते. पण लवकर.

याच पानावर लिहिते.

कुशाबाई मावशी, तुमची वेल फार सुंदर —

नाही. हे नाही.

मावशी, त्या दिवशी मी भिंतीवरून एक फांदी आणली —

आणली नाही. या वहीतही आणली असंच लिहिलं, महिनाभर तसंच ठेवलं. वही कुणी वाचणार नव्हतं तरी —

मनगटाला काही तरी गुंडाळतंय. बाहीतून येतंय. फोन वाजतोय. रेश्मा. थांब, एकच शब्द राहिलाय —

मावशी, मी तुमची फांदी चो