अमेरिकेतलं कार्ड आणि आमचा प्रकाश

मंगळवार संध्याकाळ, मस्कत

डोकं उठलंय नुसतं. निवडणूक अमेरिकेत आणि भांडण आमच्या घरात! माझ्या धाकट्याने, सुधीरने, मोबाइलवर तिथल्या कुणा उमेदवाराचं भाषण ऐकलं. म्हणे, कागदपत्रं नसलेल्या परदेशी लोकांना गाडी चालवायची कार्डं दिली, आता ते मतंही देणार. तिथेच राहणारा थोरला फोनवर ओरडतोय, "अरे, त्या कार्डावर मत नाही देता येत! परीक्षा देऊन फक्त गाडी चालवता येते." सुधीर ऐकतोय कुठे? "असल्यांना हाकललंच पाहिजे!"

नेमका तेव्हाच आमचा ड्रायव्हर प्रकाश दारात. इराची पाण्याची बाटली गाडीत राहिली होती. नातीला रोज शाळेत सोडतो तो. व्हिसा केव्हाच संपलाय, इथलं लायसन तर नाहीच. सुधीरला सगळं ठाऊक, पण स्वस्त पडतो ना!

"तुला नाही रे म्हणालो," सुधीर म्हणाला.

"माहितेय साहेब." बाटली ठेवून गेला.

ती बाटली अजून टेबलावरच आहे. उद्या त्याच्याकडे कुठल्या तोंडाने बघू? सुधीरला म्हटलं, "त्याचे कागद करून दे, नाहीतर पोरीला तू सोड. पोलिसांनी धरलं तर तो आत आणि पोर रस्त्यावर."

"बघू आई, इन्शाल्ला."

झालं! म्हणजे देवाच्या मर्जीवर सोडलं. हाही निवडणुकीला उभं राहायच्या लायकीचा.