वजन सारखं असलं तरच

बार्टन, ७ मार्च

प्रिय डेल्फिन,

"नंतर आलेल्याचं चालतं, पण वजन सारखं असलं तरच." आपल्या वेबसाइटचं सीएसएस शिकवताना, दिसण्याचे दोन नियम भांडले तर कुणाचं चालतं यावर तू हे म्हणाली होतीस. पापांनी मेपलचं रान धाकटीच्या, म्हणजे माझ्या नावावर केलं, त्याच हिवाळ्यात. मला तो टोमणाच वाटला होता.

तू बरी असशील. इथे झाडांतून रस वाहायला लागलाय. साखरघरात तो उकळतोय, खिडक्या वाफेने पांढऱ्या झाल्यात आणि तुझा मेहुणा एव्हरेट भट्टीपाशी उभ्यानेच जेवतो. आम्ही मजेत आहोत.

परवा एक गंमत झाली. मोबाइलवर सिरप मागवायचं बटण दिसत नव्हतं. मी फाइलच्या अगदी तळाशी ते दाखवायचा नियम लिहिला. काही फरक नाही. वैतागून पुढे सगळ्या नियमांवर मात करणारं 'इम्पॉर्टंट' जोडलं, तर लगेच दिसलं. मग गडद सिरप संपलं. संपलं की बटण लपवायचा नियम होताच, पण माझ्या 'इम्पॉर्टंट'पुढे त्याचं काही चालेना. नसलेल्या सिरपच्या मागण्या येत राहिल्या. एव्हरेट म्हणाला, "आता झाडांनाही इम्पॉर्टंट लाव, बघू ऐकतात का."

ते काढून टाकलं आणि शांतपणे शोधलं. वर तुझा जुना नियम सापडला: मोबाइलच्या छोट्या पडद्यावर बटण लपव. तो तू आयडीने बांधलेला, म्हणजे वजनदार; माझा नुसत्या क्लासचा. शेवटी येऊनही मी हलकी पडले. शेजारी तुझी टीप होती: "पापा म्हणतात, हातात फोनच आहे तर फोन करू देत."

मी स्वयंपाकघरात एकटीच हसले. मग तुझं ते वजनाचं वाक्य आठवलं. तो टोमणा नव्हता गं. शिकवतच होतीस तू.

तुझा नियम पुसला की सगळं जागेवर येईल. पण हात धजत नाही. तोवर लोक फोन करतात. जुनी गिऱ्हाइकं आधी विचारतात, "डेल्फिन आहे का?" मी सांगते, जरा बाहेर गेलीय. पापांना शेवटचा निरोप दिल्यापासून तू आलीच नाहीस, हे त्यांना कशाला सांगू.

ती ओळ तू पुसावीस. इथे, या टेबलाशी बसून. तिथून दोन मिनिटांचं काम आहे असंच तू कळवशील, माहीत आहे. तरी विचारते: रस वाहतोय तोवर येशील?

तुझी, नंतर आलेली,
ओडेट