मास्तरांना अडवावं की सोडावं

मास्तर, इतक्या उशिरा लिहितोय, त्याबद्दल माफ करा. तुम्हाला स्मशानात पोचवायला गाव गेलं तेव्हा मला मिसरूडही फुटलं नव्हतं, आणि आता घरात नातीच्या लग्नाचं बोलणं निघतं. मधल्या सगळ्या वर्षांत तुम्हाला लिहावंसं वाटलं नाही असं नाही. पण लिहायला बसलं की तुम्ही मागे उभे राहून अक्षर बघताय असं वाटतं आणि हात आखडतो. माझ्या चार इयत्तासुद्धा तुमच्याकडे पुऱ्या झाल्या नाहीत. तुम्ही शेतावर येऊन माझ्या बापाला म्हणाला होता, "पोराला आणखी दोन वर्षं द्या," आणि बापानं बैलाकडे बोट दाखवून विचारलं होतं, "मग ह्याच्या मागं तुमी चालता का, मास्तर?" तुम्ही बांधाबांधानं परत गेलात. तेव्हा माझं शिक्षण जे थांबलं ते थांबलं. आज मात्र लिहिल्यावाचून गत्यंतर नाही. संध्याकाळी मला एका माणसाला उत्तर द्यायचंय, आणि विचारायला तुमच्याशिवाय कोणी उरलेलं नाही.

आत्ता मी शाळेतच बसलोय. तुमच्या वेळी देवळाच्या ओवरीत भरायची ती शाळा आता नदीच्या अंगाला एका कौलारू खोलीत भरते. जिल्हा बोर्डाची शाळा आहे. नकाशा आहे, फळा आहे, एक खुर्ची आहे, तिचा एक पाय हलतो म्हणून मी जपून बसलोय. नवे मास्तर आज पिंपरीला गेलेत, तिथं उघडलेल्या नव्या कंपनीत कारकुनाची जागा आहे, तिच्या साहेबाला भेटायला. मी शाळा कमिटीवर आहे, म्हणून पोरं सांभाळायला मीच बसलो. पण पोरं मला कुठली भितात?

"आबा, मास्तर कुठं गेल्यात?"

"कामाला गेल्यात. दिडकी म्हणा."

"आदी तुमी म्हणा."

म्हणायला लागलो. तुम्ही छडीच्या तालावर घोकून घेतलेली ती दीडपटीची दिडकी, वाटलं जन्मात विसरायची नाही, आणि अकराच्या पुढं अडलो. मागून कुणीतरी म्हणालं, "आबा नापास." सगळी हसली. मीही हसलो, पण घाम फुटला. सकाळपासून एवढ्याशा पोरांना नुसतं जागेवर बसवताना माझी ही दशा झाली, तर रोज चार इयत्ता एका खोलीत शिकवणाऱ्या माणसाचं काय होत असेल?

नवे मास्तर येण्याआधी ही शाळा किती काळ बंदच होती. त्याआधी एक जण आला तो नुसता सातवी झालेला, ट्रेनिंग नाही, वाचून दाखवायचा आणि डुलक्या घ्यायचा. दुसरा चांगला होता, पण चाकणच्या पलीकडचा. दिवाळीला घरी गेला आणि तिकडेच बदली करून घेतली. मग कुलूप. मी पुण्याला बोर्डाच्या कचेरीत खेटे घालघालून चपला झिजवल्या. तिथला कारकून मला लांबून बघूनच म्हणायचा, "आले थेरगावकडचे आबा." शेवटी हे मास्तर मिळाले. सातवीची फायनल पास, वर ट्रेनिंग झालेले, मराठवाड्याकडचे, तरुण, बायको नवी. मी त्यांना स्टेशनवरून बैलगाडीत आणलं आणि वाटेतच म्हणालो, "मास्तर, आमच्या पोरी चौथीनंतर घरी बसतात. चिंचवडला कोण पाठवतंय त्यांना? तुम्ही त्यांना फायनलपर्यंत न्या." ते म्हणाले, "नेतो." मी म्हणालो, "असं सगळेच म्हणतात." तर म्हणाले, "त्यांची परीक्षा होईपर्यंत गाव सोडणार नाही, झालं?" हाच तो शब्द, मास्तर. त्याच्यावर सगळं अडलंय.

शाळा सुटली की चार पोरी थांबतात, त्यात माझी नात. बाहेरून फायनलला बसवायचं ठरलंय. परीक्षा आता तोंडावर आलीय. आणि कंपनी म्हणते, पुढच्या महिन्यापासूनच कामावर या.

एक सांगतो, रागावू नका. मला आधी वाटायचं, शिकवणं अंगातच असावं लागतं, ट्रेनिंग म्हणजे सरकारी सोंग. तुम्ही कुठं ट्रेनिंग घेतलं होतं? पण ह्या माणसाला शिकवताना पाहिलं आणि माझं मत बदललं. चिंचोके मांडून वजाबाकी शिकवतो. जे पोर अडतं त्याला मारत नाही, त्याच्याजवळ खाली बसतो आणि विचारतो, "तू हे कसं केलंस ते मला सांग." तुम्ही आम्हाला असं कधी विचारलं नाहीत. तुम्ही मारायचात. तुमच्या भीतीनं दोघं-तिघं ओढ्यात लपून बसायचे आणि पुढं आलेच नाहीत. तुमचा जीव आमच्यावर होता ह्यात शंका नाही, पण शिकवणं शिकावं लागतं, मास्तर, हे मला म्हातारपणी कळलं. आणि जो ते शिकून आलाय त्याला आम्ही ठेवू शकत नाही.

कारण काय? कंपनीच्या गेटावर बसणारा आमच्याच गावचा एक गडी आहे, तिसरीत दोनदा बसलेला. त्याचा पगार मास्तरांपेक्षा जास्त आणि ठरल्या तारखेला हातात. मास्तरांचा पगार पुण्याहून निघतो आणि वाटेत कुठं मुक्काम करतो देव जाणे. तो गडी सुट्टीच्या दिवशी इस्त्रीचा सदरा घालून शाळेच्या ओट्यावर येऊन बसतो. "या की मास्तर आमच्यात. शिफ्ट संपली की माणूस मोकळा, राव. हितं तर तुमी मतदारांच्या याद्या करा, गुरं मोजा, लस टोचायला आले तर पोरं धरा. शिकवता कवा?" मी त्याला दटावलं, तर मलाच म्हणाला, "आबा, खोटं हाय का सांगा." खोटं नव्हतं. तेच तर दुखतं.

मध्यंतरी तपासणीला साहेब आले होते. आम्ही शाळा सारवली, तोरण लावलं. साहेबांनी वह्या उघडल्या नाहीत, पोरांना एक गणित घातलं नाही. टकळ्या बघितल्या. हल्ली शाळेत सूत काढायला शिकवतात. साहेब म्हणाले, "सूत जाड निघतंय." मी हात जोडून म्हणालो, "साहेब, सूत बारीक करू. पण आमचे मास्तर टिकायचे कसे, तेवढं सांगा. राहायला देवळामागची गळकी खोली, पगाराचा पत्ता नाही." साहेब हसले. "आबा, शाळा माणसावर नाही, पद्धतीवर चालली पाहिजे." मास्तर, मी तेव्हा मान हलवली. घरी येईपर्यंत मात्र डोकं नुसतं पेटलं होतं. पद्धत कधी खडू घेऊन फळ्यापाशी उभी राहिलेली मी तरी पाहिली नाही. शाळा सुधारायच्या म्हणून सभा होतात, ठराव होतात, भिंतीला चुना लागतो, पाटीवरचं नाव बदलतं, आणि आत उभं राहणाऱ्या माणसाच्या घरात चूल कशी पेटते हे विचारायला कोणाला सवड नाही.

मग मीच एक शहाणपणा केला. ज्वारीची खळी चालू होती. मला तुमचे दिवस आठवले. तेव्हा सुगीत खळ्यावर सुतार, लोहार, न्हावी यांच्याबरोबर मास्तरांचाही वाटा निघायचा. मी कमिटीत म्हणालो, "बोर्ड देत नाही तर गाव देईल. जुनी रीत पुन्हा चालू करू." सगळ्यांना पटलं. घरटी दाणे काढले, कोणी हात आखडला नाही. पोती गाडीत भरली, बैलांना झुली घातल्या, पुढं हलगी. तुमच्या वेळचा मान पुन्हा गावात आला म्हणून माझी छाती फुगली होती. शाळा भरलेली असतानाच गाडी दारात नेली. पोरांनी बघावं म्हणून मुद्दाम.

मास्तर दारात आले. हातात खडू तसाच. हलगी थांबली.

"आबा, हे काय?"

"गावानं तुमचा मान केलाय. तुमचा सुगीचा वाटा."

ते पुढं येईनात. गाडी हाकणाऱ्याला वाटलं, संकोच करतायत. तो मोठ्यानं म्हणाला, "घ्या की राव! न्हाव्यालाबी एवढं देत न्हाई आमी." गाडीभोवतीची माणसं हसली, खिडकीतली पोरं हसली. मास्तरांचा चेहरा पांढरा पडला. ते हळू आवाजात म्हणाले, "मी पगारी नोकर आहे, आबा. हे घेतलं आणि कोणी बोर्डाला लिहिलं तर नोकरी जाईल. आणि नाही गेली, तरी उद्या ह्या पोरांपुढं उभा कसा राहू?" एवढं बोलून आत गेले आणि फळा पुसायला लागले. फळ्यावर काही लिहिलेलंच नव्हतं.

मी ती गाडी परत आणली. येताना हलगीवाला विचारतो, "वाजवू का?" घरी बायको सुपात दाणे घोळवत होती. नात रुसून बसलेली. ती कालपरवापर्यंत म्हणायची, मीही फायनल होऊन मास्तरीण होणार. बायको तिला म्हणाली, "व्हय, हो की मास्तरीण. मग तुझा आजा तुझ्या दारात बी गाडी घेऊन ईल." मला जेवण गेलं नाही.

आणि मग, मास्तर, मला खळ्यावरचे तुम्ही आठवलात. इतकी वर्षं मी पोरासोरांना सांगत आलो की तुम्हाला गावात राजासारखा मान होता. खरं काय होतं? तुम्ही कोट घालून खळ्याच्या कडेला उभे असायचात, आणि पोतं कोटाच्या आत घडी घालून ठेवलेलं असायचं. माझा बाप म्हणायचा, "मास्तर, जरा थांबा, आदी सुताराचं होऊ द्या, त्याचं काम खोळंबलंय." तुम्ही थांबायचात. उन्हात. आम्ही तुमचेच विद्यार्थी मळणीच्या पातीवर लोळत बघत असायचो. एकदा तुमचं पोतं घेऊन मी तुमच्या घरी आलो आणि पुढच्या दारातून ओरडलो, "मास्तरांचा वाटा आणलाय!" तुमच्या घरच्या बाई चुलीपुढून धावत आल्या, मला परसदारी नेलं आणि म्हणाल्या, "मागून यायचं, बाळ. आणि ओरडायचं नाही." हातावर गुळाचा खडा ठेवला. मला फक्त गूळ आठवत राहिला. त्या मला मागच्या दारानं का नेतायत, हे मी कधी स्वतःला विचारलंच नाही. ज्याला मी तुमचा मान म्हणत होतो ते तुमचं तोंड दाबून सोसणं होतं, आणि तेच मी झुली घालून दुसऱ्याच्या दारात नेलं.

काल संध्याकाळी मास्तर माझ्याकडे आले. वाटलं, भांडतील. भांडले नाहीत. ओट्यावर बसले, चहा घेतला. म्हणाले, "आबा, दाण्यांचा राग नाही. कंपनीचं पत्र त्याच्या आधीच आलं होतं. घरी म्हातारे आईवडील आहेत, बायकोला दिवस गेलेत. उद्या साहेबाला भेटून येतो. मी तुम्हाला शब्द दिलाय. तुम्ही म्हणालात राहा, तर राहीन. पण मला सोडायचं असेल तर तेही तुम्हीच म्हणा. मी आपणहून पळून गेलो असं पोरींना वाटायला नको."

मी म्हणालो, "उद्या सांगतो." दुसरं काय म्हणणार? रात्रभर ह्या कुशीवरून त्या कुशीवर. राहा म्हणावं, तर हा माणूस पोरींची परीक्षा होईपर्यंत राहील, पण कंपनी त्याच्यासाठी थांबेल का? उद्या त्याचं लेकरू आजारी पडलं आणि बोर्डाचा पगार वाटेतच असला, तर मी काय हलगी वाजवू? जा म्हणावं, तर शाळेला पुन्हा कुलूप, आणि चार पोरी चुलीपुढं. त्यातल्या एकीचं तरी लग्न येत्या वैशाखात उरकतील, माझ्या घरातलीच बोलणी चालू आहेत. आता मला कचेरीच्या पायऱ्याही चढवत नाहीत.

ऊन उतरतंय. पोरांना मी लवकर सोडून दिलं, त्या चार पोरी तेवढ्या थांबल्यात. मास्तर येतील म्हणून फळा स्वच्छ करून बसल्यात. मला विचारलं, "आबा, कुणाला लिवताय?" म्हटलं, बोर्डाला. तुमच्याकडे कुठलं टपाल जातं, की मी त्यांना खरं सांगू? हे पत्र कोटाच्या खिशात राहील आणि एक दिवस धुण्यात जाईल.

एक गोष्ट कमिटीत बोललो नाही, बायकोजवळ बोललो नाही, ती तुमच्याजवळ बोलतो. हे मास्तर माझे पोटचे असते, तर मी रात्रभर तळमळलो नसतो. मीच त्यांना हाताला धरून कंपनीच्या गेटापर्यंत पोचवलं असतं आणि येताना पेढे आणले असते. गावासाठी झिजावं ते दुसऱ्याच्या पोरानं, असंच मला वाटतं, मास्तर. असं वाटणाऱ्यानं कोणाला राहा म्हणावं का?

रस्त्याला एक सायकल दिसतेय. तेच असतील. काय सांगू त्यांना? असाल तिथून कळवा, पण लवकर कळवा.