दालचिनीचा वास

लिमरिक, मंगळवार संध्याकाळ

पुडी पुन्हा हुंगली. दालचिनीच! आपल्या मसाल्याच्या डब्यातलीच, फक्त जाड. सासूबाईंचे पाय सारखे गार पडतात, म्हणून आज त्यांना चिनी वैद्याकडे नेलं. त्याने जीभ पाहिली, दोन्ही हातांच्या नाड्या पाहिल्या, अंगात गारवा मुरलाय म्हणाला आणि ही साल उकळून प्यायला दिली. मला तिथेच संशय आला. एवढ्यासाठी गाडी काढून गेलो?

पण त्याने एक गोष्ट खोदून खोदून विचारली होती, दुसरी औषधं चालू आहेत का? आई ठाम "नाही" म्हणाल्या. आणि घरी आल्या आल्या गोळी घेतली. रक्त पातळ करायची!

"अहो आई, त्याला सांगितलं का नाही?"

"नाडी बघत होता ना? खरा वैद्य असता तर कळलं असतं त्याला."

म्हणजे परीक्षा घेत होत्या!

फार्मसीत फोन केला. त्या गोळीबरोबर ही साल डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नका म्हणाले. आईंना ते सांगितलं, तर नुसत्या हसल्या. म्हणून पुडी माझ्या पर्समध्ये लपवली.

आता स्वयंपाकघरातून दालचिनीचा वास का येतोय? पुडी तर इथेच आहे.

मसाल्याचा डबा ओट्यावरच राहिला.