कैचीवरच्या बनियनी

६ नोव्हेंबर
लिहीन लिहीन म्हणत किती दिवस ढकलले! आज लिहितोय, कारण तोंड उघडलं तर नुसत्या शिव्या पडतील.

मुकादमाने इमारतीच्या परांचीच्या पुढच्या अंगाच्या सगळ्या कैच्या काढायला लावल्या. म्हणजे ते फुलीसारखे तिरपे पाइप. का? तर घमेलं नेताना वाकावं लागतं! 'उभे आहेत, आडवे आहेत, तिरप्यांचं काय लोणचं घालायचंय?' सगळे खूश. शी!

७ नोव्हेंबर
चौथ्या मजल्यावर शिंकलो तरी परांची डुलते.

९ नोव्हेंबर
काड्यापेटीचं नुसतं टरफल घेतलं. बोटाने ढकललं— कलंडून चपटं. मग आत कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत काडी अडकवली— हलेना! गवंड्याला दाखवलं. म्हणाला, 'वा इंजिनियर! काडी आण इकडे, बिडी पेटवू.' त्याच्या दातांत सिमेंट अडकलंय की तंबाखू, तेच बघत बसलो आणि पुढचं बोलायचं राहिलं. माझं हे असंच.

संध्याकाळी ताईचा फोन. 'टिकतोयस ना रे? की इथूनही पळणार?' भाऊजींचं रंगाचं काम सुटलंय, घरी बसून आहेत म्हणे. मी आपली फुशारकी मारली— काम झकास, मुकादमाचं माझ्यावाचून पान हलत नाही!

१२ नोव्हेंबर
काढलेल्या कैच्या मुकादमाच्या खोलीमागे उभ्या आहेत. त्यांच्यावर त्याच्या बनियनी वाळतात— पिवळ्या, बगलेत भोकं. माणसं वर लटकलेली, आणि ह्याच्या बनियनींना भक्कम आधार! किळस आली. बोललो तर म्हणे, 'भित्र्या, जा आईच्या पदराखाली.'

दुपारी वारा सुटला. अख्खी परांची वीतभर झुकली अन् परत आली. वर गवंडी हसत होता. पण पाइप धरलेली त्याची बोटं पांढरीफटक.

१३ नोव्हेंबर
उद्या निघतो. पडायची तर पडू दे. माझ्या बापाचं काय जातंय!

१४ नोव्हेंबर, सकाळ
पिशवी घेऊन फाटकाशी गेलो, तर समोर भाऊजी! हातात रंगाचे ब्रश. 'तुझी ताई म्हणाली, तुझं इथे वजन आहे. मुकादमाने लगेच ठेवलं बघ— चौथा मजला!'

चहा पितायत. तो संपेपर्यंत पहिली कैची लागली पाहिजे. बनियनी फेकल्या चिखलात. पाना कुठे मेला?